चिठ्ठीवरची पाच वचनं

पत्र (संक्षिप्त):

"सलाम. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. ख्रिस्ती घरातली आमची ही चौथी पिढी. धाकटा मुलगा २७ वर्षांचा, पुण्यात नोकरीला. गणपतीच्या सुट्टीत आला तेव्हा ओट्यापाशी उभं राहून त्याने मला सांगितलं की त्याला मुलींबद्दल तसं काही वाटत नाही, कधीच वाटलं नाही, आणि दोन वर्षांपासून त्याचा एक जोडीदार आहे. मी गॅस बंद केला, एवढंच आठवतं. यजमान तेव्हापासून त्याच्याशी बोलत नाहीत. मी पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी प्रार्थना केली आणि एका चिठ्ठीवर पाच संदर्भ लिहून दिले: उत्पत्ती १९, लेवीय १८:२२, लेवीय २०:१३, रोमकरांस १:२६-२७, १ करिंथ ६:९. घरी येऊन सगळे वाचले आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. ते म्हणतात, एक तर लग्न लावून द्या, नाहीतर २१ दिवस उपास धरून सुटकेची प्रार्थना करू. परवा मुलाचा मेसेज आला, 'आई, नाताळला येऊ का?' मी अजून उत्तर दिलेलं नाही. बायबल याबद्दल नक्की काय म्हणतं ते खरं सांगा. वचनाला खोटं कसं म्हणू आणि मुलाला तरी कसं टाकू? – एक आई"

सलाम ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना बायबल उघडून शेजारी ठेवलं. पाळक होऊ पाहणाऱ्या मुलांना मी वीसेक वर्षं नव्या कराराचं ग्रीक शिकवलं, त्यामुळे उत्तर जरा वर्गातल्यासारखं होईल. तुम्ही स्वतः शिक्षिका, सांभाळून घ्याल.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. बायबल काय म्हणतं हा एक, आणि मुलाला नाताळला घरी बोलवायचं का हा दुसरा. पहिल्यावर अभ्यासकांचा वाद गेली सत्तर वर्षं चालू आहे आणि अजून मिटलेला नाही. दुसऱ्याला उत्तर द्यायला तुम्हाला एक मिनिट पुरेल. पहिला निकालात निघेपर्यंत दुसरा अडवून धरू नका, एवढं आधी सांगून ठेवतो. पण पहिलाही तुम्ही तळमळीने विचारलाय, तेव्हा चिठ्ठी घेऊनच बसू.

चिठ्ठीतलं पहिलं, उत्पत्ती १९, म्हणजे सदोमची गोष्ट. ती आपण लहानपणी शब्बाथशाळेत, रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, ऐकलेली असते, तीही अर्धी. एकोणिसावा अध्याय वाचायचा तर अठरावा आधी वाचावा. ऐन दुपारी अब्राहाम तंबूच्या दारात बसलाय, तीन अनोळखी माणसं दिसतात आणि म्हातारा त्यांच्याकडे धावत सुटतो. पाय धुवायला पाणी काय, झाडाखाली सावली काय, सारेला सांगतो की तीन मापं सपीठ घे, मळ, भाकरी टाक. वासरू कापलं जातं, दूध-दही येतं. त्यातलेच दोन पाहुणे संध्याकाळी सदोमात पोचतात आणि तिथे काय होतं? रात्री गावातले सगळे पुरुष, तरुण-म्हातारे, त्यांना घरी उतरवून घेणाऱ्या लोटाच्या दाराला गराडा घालतात: त्या परक्यांना बाहेर काढ, आम्ही त्यांना भोगणार. त्या जमावाला पाहुण्यांची विटंबना करायची होती, कुणावर प्रेम करायचं नव्हतं. युद्धात हरलेल्यांची, वाटसरूंची, परक्यांची अशी विटंबना करणं ही जुन्या जगातली ओळखीची क्रूरता. लोट त्यांना आपल्या दोन मुली देऊ करतो, हे शब्बाथशाळेत कुणी सांगत नाही.

आता शास्ते या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय काढा. गाव गिबा, रात्रीची वेळ, दारावर तसाच जमाव, मागणीही तीच. तिथे मात्र एका बाईला खरोखर बाहेर ढकललं जातं. पहाटे ती उंबऱ्यावर हात टाकून पडलेली सापडते. या गोष्टीवरून "स्त्री-पुरुष संबंध पाप आहे" असा उपदेश मी आजवर ऐकलेला नाही. बलात्काराला आपण तिथे बलात्कार म्हणतो. मग सदोमात का नाही म्हणत?

सदोमचं पाप कोणतं, हे बायबलनेच एके ठिकाणी सांगितलंय. यहेज्केल १६:४९ पाहा. गर्व, अन्नाची रेलचेल, आरामात पडून राहणं, आणि गरिबाला हात न देणं. कुणी म्हणेल पुढच्या वचनात "अमंगळ" असा शब्द येतो. येतो खरा, पण कोणतं कृत्य ते तिथे सांगितलेलं नाही. आणि येशूने शिष्यांना गावोगाव पाठवताना सदोमचं नाव घेतलं ते कुठल्या गावांसाठी? जी गावं पाहुण्यांना दारात उभं करणार नाहीत त्यांच्यासाठी. मत्तय, दहावा अध्याय.

इथे मला माझीच एक गोष्ट सांगावी लागेल. पस्तिशीत असताना सदोमवर मी एक घणाघाती उपदेश केला होता. लोकांना आवडला, हात मिळवायला रांग लागली. तरुण संघातला एक मुलगा तेव्हा चर्चमध्ये पेटी वाजवायचा. उपदेशानंतरचं गीत त्याने वाजवलं, भाता मिटला, पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली आणून टेबलावर, माझ्या बायबलच्या शेजारी ठेवली. पुन्हा आला नाही. शहर सोडून गेल्याचं कळलं. त्या उपदेशासाठी मी यहेज्केल उघडलाच नव्हता. तुम्हाला हे सगळं इतकं लांबण लावून लिहितोय, त्यामागे ती किल्लीही आहे.

तेव्हा उत्पत्ती १९ चिठ्ठीवरून खोडायला माझी हरकत नाही. हा विषय पाप मानणारे अनेक अभ्यासकही आज या अध्यायावर भिस्त ठेवत नाहीत. बाकीच्या चारांचं तसं नाही. ती वचनं तिथे आहेत आणि त्यांच्यावरून उडी मारून मी पुढे गेलो तर तुम्हालाही ते कळेल.

लेवीय. दोन्ही ठिकाणी अर्थ सरळ आहे: पुरुषाने स्त्रीशी निजावं तसं पुरुषाशी निजू नये. अठराव्या अध्यायात मनाई आहे आणि विसाव्यात तिला देहान्ताची शिक्षा. (बायकांबद्दल इथे अवाक्षर नाही, हे जाता जाता.) याच यादीत अठराव्या अध्यायाचं एकोणिसावं वचन आहे. बायकोच्या पाळीच्या दिवसांत तिच्याजवळ जाऊ नये. विसाव्या अध्यायात त्यासाठी दोघांनाही समाजातून तोडायला सांगितलंय, आणि आईबापाला शिव्याशाप देणाऱ्यालाही देहान्तच. एकोणिसाव्यात दोन जातींच्या धाग्यांचं कापड अंगावर घालू नको, दाढीच्या कडा कापू नको. आपल्या मंडळीतला कुठला वडीलधारा सकाळी दाढी न करता उपासनेला येतो?

पण एवढ्यावर "लेवीय काय, जुनं झालं" म्हणून मोकळं होता येत नाही. त्याच यादीत सख्ख्या नात्यात संबंध नको, परस्त्री नको, पोटच्या लेकराचा बळी देऊ नको असंही आहे, आणि ते आपण आजही मानतो. आणि "शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर" हे कुठलं? तेही लेवीयचंच, १९:१८. म्हणजे पुस्तक सबंध फेकता येत नाही आणि सबंध पाळताही येत नाही. कुठेतरी निवडावं लागतं, आणि निवड सगळेच करतात, पाळकसाहेबही. मी त्यात दोष काढत नाही. फक्त निवडतो आहोत एवढं कबूल करावं आणि कशाच्या आधाराने ते सांगावं.

आता १ करिंथ. इथे मी रेंगाळणार आहे, कारण माझा जन्म याच असल्या शब्दांत गेला.

देवाच्या राज्याचं वतन कुणाकुणाला मिळणार नाही याची, करिंथच्या मंडळीला हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने एक यादी दिली आहे. लोभी आहेत, दारुडे आहेत, चहाड्या करणारे आहेत. (चहाडखोरांवर चिठ्ठी लिहून दिलेली मी अजून पाहिली नाही. अर्धं महिला मंडळ रिकामं होईल.) त्या यादीत दोन ग्रीक शब्द लागून येतात, मालाकोइ आणि आर्सेनोकोइताइ. पहिल्याचा साधा अर्थ मऊ. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाबद्दल बोलताना येशू लोकांना विचारतो, तलम कपडे घातलेला माणूस बघायला रानात गेला होता काय? तिथे कपड्यांना लावलेला शब्द हाच. माणसाला लावला की त्याचा रोख बदलतो: ढिला, ऐषारामी, बायकी, कधी स्वतःचं शरीर पुरुषांना देणारा. १६११ च्या इंग्रजी बायबलात तो बायकी अशा अर्थाने घेतलाय.

दुसरा शब्द खरा अवघड. पौलाच्या आधी तो कुणी वापरल्याचं सापडत नाही. बहुधा त्यानेच जोडलेला. आर्सेन म्हणजे पुरुष, कोइते म्हणजे बिछाना. पुढे तीमथ्याच्या पहिल्या पत्रात पुन्हा एकदा येतो, तिथेही यादीतच, वाक्यात नाही. जोडशब्दाची गंमत तुम्ही वर्गात शिकवली असेल. "पाणउतारा" घ्या. समजा दोन हजार वर्षांनी मराठी बोलणारं कुणी उरलं नाही आणि हा शब्द फक्त दोन याद्यांत सापडला. त्या वेळचा पंडित फोड करून काय म्हणेल? पाणी उतरवणारा. जलवाहतूक खात्यातला कुणीतरी असणार!

दुसरी बाजूही ऐका, ती लेचीपेची नाही. पौलाच्या हातातला जुना करार ग्रीक भाषांतरातला होता. त्यात लेवीय २०:१३ मध्ये आर्सेन आणि कोइते हे दोन शब्द शेजारी शेजारी आलेले आहेत. पौलाने शब्द तिथूनच उचलला असं पारंपरिक अर्थ लावणारे म्हणतात. मला स्वतःला ते पटतं. पण शब्द कुठून आला हे कळलं म्हणून करिंथच्या गल्लीत तो कुणाला उद्देशून होता हे कळत नाही. त्या शहरात पौलाच्या डोळ्यांसमोर काय होतं? मालकाने गुलाम पोराला वापरायचं, त्या पोराला नाही म्हणायचा हक्क नाही. पैसे टाकून पोरं मिळायची. थोरामोठ्यांच्या घरी ते प्रतिष्ठेला बाध आणणारंही मानलं जात नसे. ल्यूथरने जर्मन भाषांतर केलं तेव्हा या शब्दासाठी पोरं नासवणारे अशा अर्थाचा शब्द घेतला.

आणि "समलिंगी" हा शब्द बायबलात कधी आला? माणसाचा तसा एक स्वभावच असतो अशी कल्पना असलेला शब्द मुळात जर्मन भाषेत घडला तो १८६९ च्या सुमारास. इंग्रजी बायबलात तो पहिल्यांदा १९४६ साली आला, अमेरिकेतल्या एका सुधारित आवृत्तीच्या नव्या करारात, आणि मालाकोइ व आर्सेनोकोइताइ या दोन्हींच्या बदली मिळून एकच. पुढे १९५९ साली एका तरुण धर्मशास्त्र-विद्यार्थ्याने भाषांतर समितीला पत्र लिहून हरकत घेतली. १९७१ च्या आवृत्तीत तो शब्द काढून दुसरा घातला, १९८९ ला त्या परंपरेतल्या नव्या भाषांतरात आणखी वेगळे शब्द आले, २०२१ ला पुन्हा बदलले. पंचाहत्तर वर्षांत चार वेगवेगळी भाषांतरं. तुमच्या घरात दोन वेगवेगळी मराठी भाषांतरं असतील तर हे एकच वचन दोन्हींत काढून शेजारी ठेवा आणि किती फरक पडतो ते स्वतःच बघा.

रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय मात्र सोपा सुटत नाही. इथे यादी नाही, सलग विवेचन आहे. बायकांचाही उल्लेख आहे, आणि पुरुष "एकमेकांविषयी" कामातुर झाले असं म्हटलंय, म्हणजे फक्त मालक-गुलाम एवढ्यावर भागत नाही. उत्पत्तीतली नर-नारीची जोडी मनात ठेवूनच पौल लिहितोय असं म्हणणारे अभ्यासक आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात जोर आहे. दुसरे दाखवून देतात की सबंध उतारा मूर्तिपूजेबद्दल आहे, देवाला सोडून दिलेल्या लोकांची वासना कशी बेलगाम होते याबद्दल. तुमच्या मुलाने तर देव सोडलेला नाही. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की तो पुण्यात दर रविवारी उपासनेला जातो आणि मागच्या बाकावर बसतो.

"निसर्गाविरुद्ध" हे त्यातले शब्द सगळ्यांच्या तोंडी असतात. ग्रीकमध्ये पारा फिसिन. याच पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल पुन्हा तेच शब्द वापरतो, आणि तिथे ते करणारा देव आहे! रानटी जैतुनाची फांदी कापून निसर्गाविरुद्ध चांगल्या झाडावर कलम केली, म्हणजे तुम्ही-आम्ही, यहुदी नसलेले सगळे. करिंथच्या पत्रात तर तो म्हणतो की पुरुषाने लांब केस ठेवणं अपमानाचं आहे हे निसर्गच शिकवतो. आपल्या दिवाणखान्यातल्या तसबिरीत येशूचे केस खांद्यावर रुळताहेत. आणि निसर्गाविरुद्धची हीच भाषा युरोपातून फिरत फिरत १८६० च्या इंडियन पीनल कोडात येऊन बसली, कलम ३७७ म्हणून. राजीखुशीने एकत्र येणाऱ्या सज्ञान माणसांपुरतं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी काढून टाकलं. तुमचा मुलगा गुन्हेगार नाही, हे यजमानांना सांगायला हरकत नाही. लग्नाची मान्यता मात्र २०२३ मध्ये न्यायालयाने दिली नाही.

पण चिठ्ठीत संदर्भ २६-२७ वर थांबलाय, आणि खरी गोष्ट त्याच्या पुढे आहे. पौलाने पत्राला अध्याय पाडले नव्हते. ते फार नंतर पडले. पहिल्या अध्यायात तो दुसऱ्यांच्या पापांचा पाढा वाचत जातो, ऐकणारे माना डोलावताहेत, बरोबर, बरोबर, ते लोक तसलेच. आणि दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच वाक्यात तो गर्रकन ऐकणाऱ्याकडे वळतो: दोष लावणाऱ्या माणसा, तू कुणीही असलास तरी तुला सबब नाही. रोमच्या त्या घरगुती मंडळीत हे पत्र पहिल्यांदा वाचलं गेलं तेव्हा त्या वळणावर किती जणांच्या माना डोलायच्या थांबल्या असतील! आपण ते पत्र पहिल्या अध्यायाच्या शेवटीच मिटतो आणि त्याचा दगड करतो.

येशू या विषयावर काय म्हणाला? काहीच नाही. त्याचा फार अर्थ काढू नये असं माझं मत. न बोललेल्याचे अर्थ काढायला लागलो तर अंत नाही. मत्तय १९ मध्ये तो नर-नारी आणि एकदेह यांबद्दल बोलतो. प्रश्न सोडचिठ्ठीचा होता, पण परंपरेचा सगळ्यात भक्कम आधार हाच आहे हे मान्य करायला हवं. दावीद आणि योनाथान हे जुन्या करारातले जिवलग मित्र म्हणजे जोडपंच होतं वगैरे इंटरनेटवर वाचाल, त्याच्याही नादी लागू नका. आपल्याला हवं म्हणून मजकुरात घुसवणं हे दोन्ही बाजूंनी चालतं.

त्यापेक्षा मला तुम्हाला एका रथाकडे न्यायचंय. प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय. गाझाच्या वाटेवर कूशी राणीचा खजिनदार चाललाय, षंढ आहे. यरुशलेमेला उपासनेला जाऊन परत निघालाय. अनुवाद २३:१ प्रमाणे अशा माणसाला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही, म्हणजे तिथे त्याचं स्वागत कसं झालं असेल याचा अंदाज करा. तरी तो रथात बसून यशया वाचतोय. फिलिप्प नावाचा सुवार्तिक धावत जाऊन विचारतो, वाचता ते समजतं का? तो म्हणतो, कुणी सांगितल्याशिवाय कसं समजणार? तो त्रेपन्नावा अध्याय वाचत होता. त्याच गुंडाळीत तीनच अध्याय पुढे, छपन्नाव्यात, देव षंढांना म्हणतो की माझ्या घरात मी तुम्हाला लेकी-लेकांहून चांगलं नाव देईन. म्हणजे एकीकडे बंद दार आणि दुसरीकडे उघडं, दोन्ही पवित्र शास्त्रातच. वाटेत पाणी लागतं आणि तो विचारतो, मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे? फिलिप्पाला अनुवाद पाठ असणार. तो रथातून उतरला आणि पाण्यात गेला.

समलिंगी आणि षंढ एकच, असं मला म्हणायचं नाही. शास्त्र स्वतःलाच कसं वाचतं त्याचा हा नमुना.

"वचनाला खोटं कसं म्हणू" असं तुम्ही विचारलंत. म्हणू नका. १ करिंथ १४ मध्ये बायकांनी मंडळीत गप्प बसावं असं लिहिलंय, आणि तुम्ही स्वतः वर्षानुवर्षं महिला मंडळाच्या रविवारी पुलपिटावरून वाचन केलं असणार. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणलं, १९२२ साली जाण्याआधी ते काम पुरं केलं, त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी ते छापलं. त्यांनी वचन खोटं पाडलं का? त्या वचनाचा करिंथमधला प्रसंग वेगळा आहे एवढं आपण ओळखलं, आणि ते ओळखायला मंडळ्यांना शेकडो वर्षं लागली.

मला विचाराल तर, दोन सज्ञान माणसांनी एकमेकांना निष्ठेने धरून राहणं या पाच वचनांच्या डोळ्यांपुढे नव्हतं असं माझं मत झालंय. ते एका दिवसात झालं नाही. माझ्याहून विद्वान आणि माझ्याहून भाविक माणसं याच्या उलट मानतात, त्यांना मी दुष्ट म्हणणार नाही. रिचर्ड हेज हे नव्या कराराचे नावाजलेले अमेरिकन अभ्यासक. १९९६ साली त्यांनी समलिंगी संबंधांना नव्या करारात जागा नाही असं लिहिलं, आणि त्याचा दाखला जगभर दिला गेला. २०२४ मध्ये, जुन्या कराराचा अभ्यासक असलेल्या आपल्या मुलाबरोबर लिहिताना, त्यांनी मत बदलल्याचं जाहीर केलं. त्या मोजक्या वचनांवर पुन्हा खल करून ते बदलले नाहीत. देव आपल्या दयेचं कुंपण पुढे पुढे सरकवत आलाय, ही सबंध शास्त्रातली गोष्ट त्यांना जास्त भारी वाटली. काही महिन्यांत, जानेवारी २०२५ मध्ये, ते वारले. दुसरीकडे असे समलिंगी ख्रिस्ती लोकही आहेत जे परंपरेचाच अर्थ मानतात आणि एकटे राहतात. तुमचा मुलगा कोणती वाट धरेल ते त्याचं आणि देवाचं. त्याच्या वतीने ते तुम्ही ठरवू शकत नाही, मीही नाही.

आपल्याकडच्या बहुतेक मंडळ्या अजून पारंपरिक अर्थच धरून आहेत, तेव्हा पाळकसाहेब काही जगावेगळं बोलले नाहीत. पण कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, जिथे समलिंगी संबंधांना साफ नकार आहे, तिथेही अशा माणसांना आदराने, करुणेने वागवा, अन्यायाने डावलू नका असं लिहिलंय. आणि २०१३ मध्ये मुंबईचे कार्डिनल ओसवाल्ड ग्रेशियस यांनी सांगितलं होतं की चर्च या लोकांना गुन्हेगार मानत नाही. पापाचा अर्थ कडक धरूनही माणसाला दाराबाहेर न काढणं जमतं, एवढ्यासाठी हे सांगितलं.

पाळकसाहेबांच्या दोन्ही उपायांना मात्र ठाम नाही म्हणा. लग्न लावून दिलंत तर कुणाच्या तरी मुलीचा जन्म वाया घालवाल. तिने काय केलंय? तिची आई दोन-तीन वर्षांनी मला पत्र लिहील. आणि सुटकेची प्रार्थना: ही मुलं बदलावीत म्हणून अमेरिकेत जी सगळ्यात मोठी ख्रिस्ती संस्था चालायची, ती २०१३ साली बंद झाली आणि बंद करताना तिच्या प्रमुखाने लोकांची माफी मागितली. आपल्याकडे २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असले "बदलण्याचे" उपचार करणं हा डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. डॉक्टरने करायचं नाही ते उपाशीपोटी आपण का करायचं? उपास धरायचा तर तुमच्या मनाला शांती मिळावी म्हणून धरा, आणि तुमचा बीपी बघून.

शेजारच्या बाई उधळ्या पुत्राची गोष्ट सांगून धीर देतात असं लिहिलंत. गोष्ट मोठी आहे, पण इथे बसत नाही. तुमचा मुलगा वाटणी मागून दूर देशी गेलेला नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे पाठवतो असं तुम्हीच लिहिलंय. आणि "येऊ का" असं विचारतोय तो घराच्या बाहेर उभा राहून. यजमानांना घाई करू नका. बापाला वेळ लागतो, आणि त्यांचा अबोला हा राग कमी आणि भीती जास्त असं मला पत्रावरून वाटलं. फक्त त्यांच्या अबोल्यामागे तुम्ही लपू नका.

मुलगा आला की पहिल्या संध्याकाळीच हे सगळं ग्रीक त्याच्यापुढे मांडू नका. त्याने ही पाचही वचनं तुमच्या आधी वाचलेली असणार, तेरा-चौदाव्या वर्षीच, रात्री, पांघरुणात टॉर्च लावून. तो कधी स्वतःहून बोलला तर ऐका. जोडीदाराचं नाव विचारा. तुम्ही ते अजून विचारलेलं नाही, पत्रात कुठे दिसलं नाही म्हणून म्हणतो.

तुम्ही लिहिलंय की करंज्यांचं खोबरं आणून ठेवलंय आणि यंदा करावंसं वाटत नाही. करा. नेहमीएवढ्या करा, दोन डबे जास्तच. आणि आज रात्री जेवण झालं की त्याला मेसेज नको, फोन करा. चोवीस तारखेला पुण्याहून नगरकडे येणाऱ्या गाड्यांना उभं राहायला जागा नसते, रिझर्वेशन आत्ताच करायला सांगा.